सरावाचा नकाशा

जंगलात नोकरी करायची तर अंगात काय काय हवं, हा प्रश्न मी लालबागमध्ये बसून विचारत होते आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. आमच्या खिडकीतून दिसणारं सगळ्यात मोठं झाड म्हणजे समोरच्या चाळीच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ, आणि तोही जरा बाळसं धरतोय म्हटलं की कोणीतरी येऊन छाटून जायचं. माटुंग्याच्या कॉलेजातून मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. जंगलं राखण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत अर्ज केला होता. मुलाखतीचं बोलावणं यायचं होतं, तोवर हातात वेळच वेळ होता, म्हणून भेटेल त्याला विचारत सुटले की या कामाला नेमकं काय यावं लागतं. उत्तरं इतकी मिळाली की डोक्याचा पार भुगा झाला.

गिरगावात राहणारी माझी एक सीनियर अशाच कामात होती. ती म्हणाली, “झाडाबिडांचं सोड गं. कॉम्प्युटरवर नकाशे करायला शीक, रिपोर्ट लिहायला शीक, एक्सेल पक्कं कर. जंगल थोडं, लॅपटॉप जास्त.” चिंचपोकळीला माझ्या मावसभावाचं गॅरेज आहे. त्याचं म्हणणं, “गिअरची बाइक येते का? नाही? मग घरी बस.” आणि लगेच त्याने मला गॅरेजमागच्या गल्लीत शिकवायला घेतलं. तिथे मी एका उभ्या हातगाडीला जाऊन भिडले आणि केळीवाल्याने माझ्यासकट मावसभावाचाही उद्धार केला. आईने मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ बघितला होता, त्यामुळे तिच्या मते पोहता येणं सगळ्यात महत्त्वाचं. नदीत पडलीस तर कोण काढणार, असं ती भाजी निवडता निवडता विचारायची. मी कुठल्या नदीत पडणार होते कोण जाणे.

आमच्या कॉलेजच्या मॅडमच्या ओळखीने दादरला एका निवृत्त वनाधिकाऱ्यांकडेही जाऊन आले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “चहा घेता का तुम्ही?”

“नको सर, आत्ताच घेतला.”

“तसं नाही. कोणाच्याही घरी, कसलाही, कितीही गोड. घेता येतो का?”

मी म्हटलं, साखर मी सोडली आहे. त्यावर ते हसले आणि पुढचा सगळा वेळ आपल्या नातवाच्या शाळेबद्दल बोलत बसले. जिना उतरताना मला कळेना की भेट संपली की सुरूच झाली नव्हती. माणूस एवढी वर्षं जंगलात काढतो आणि सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं, असं मी घरी येऊन तणतणत बाबांना सांगितलं.

बाबांचं उत्तर तयार होतं. “रान म्हणजे पाय. चालता आलं पाहिजे. बाकीचं मागाहून येतं.” बाबा परळला एका छापखान्यात होते. सगळी नोकरी मशीनपाशी उभ्याने केली आणि नुकतेच रिटायर झाले होते. दर रविवारी सकाळी ते मला चालायला न्यायचे, लालबागहून थेट गिरगाव चौपाटी. सुरुवातीला पार वाळूपर्यंत आले. मग ठाकूरद्वारला थांबायला लागले. “तू हो पुढे बाय, मी पेपर घेतो.” पुढे पुढे भायखळ्यालाच त्यांना कोणीतरी जुना ओळखीचा भेटायला लागला, आणि शेवटी शेवटी आमच्याच कोपऱ्यावरच्या टपरीपाशी उभे राहून मला नुसता हात करायचे. मी रस्त्याकडेचं प्रत्येक झाड ओळखत, प्रत्येक पक्ष्यापाशी मान वर करत जायचे. आपली नजर चांगली आहे, अशी माझी पक्की समजूत होती. बाबांना कंटाळा येत असेल, एवढंच मला वाटलं. डॉक्टरांनी त्यांना घरातसुद्धा मऊ चपला घालायला सांगितल्या, तेव्हाही त्या चपलांच्या भडक निळ्या रंगावरून मी त्यांची थट्टा केली होती.

एवढ्या सगळ्या सल्ल्यांतून त्यातल्या त्यात शिकण्याजोगे वाटले ते नकाशे. दादरला क्लास लावला. सरावासाठी प्रत्येकाने आपल्या माहितीतल्या एका जागेचा नकाशा करायचा होता. मी आमच्या गावची राई घेतली.

आमचं गाव तळकोकणात. गावाच्या वरच्या अंगाला देवाची राई आहे आणि राईच्या पोटात, चांगली दमवणारी चढण चढून गेल्यावर, देऊळ. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही. मे महिन्यात देवाची समाराधना होती, म्हणजे सगळ्या गावाचं एकत्र जेवण, तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. मी मोबाइल हातात धरून राईच्या हद्दीवरून पूर्ण फेरी मारली. निघताना बाबांनी बजावलं, “हद्दीच्या दगडापाशी चपला काढायच्या हां. आत चालत नाहीत.” मी म्हटलं, आत कुठे जातेय, हद्दीवरूनच तर फिरणार. ते म्हणाले, “हद्द म्हणजे आतच.” काट्यांनी पायाची चाळण झाली, पण फेरी पुरी केली. समाराधनेच्या दिवशी सगळं गाव नैवेद्य घेऊन वर गेलं. बाबा खाली राहिले, जेवणाचं बघायला कोणीतरी हवं म्हणून.

नकाशा मात्र झकास झाला. जिथे झाडी दाट तिथे गर्द हिरवा, जिथे विरळ तिथे फिका. खालपासून देवळाच्या जवळपर्यंत एक फिका पट्टा नागमोडी वर जात होता. तो आमचा व्हाळ, पावसात खळाळणारा ओढा. तिथे नुसता कातळ आहे, झाड उभं राहणार कुठे? क्लासच्या सरांनी सगळ्यांना माझा नकाशा दाखवला. मी तो मोठा छापून घेतला आणि घरी बाबांच्या पलंगावरच्या भिंतीला लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा तो दाखवायचे. पहिल्यांदाच मला वाटलं की आपल्याला काहीतरी येतं.

आता आमच्या गावाच्या खोलीबद्दल सांगायला हवं. गिरणीत कामाला आलेले गावचे एकटे पुरुष एके काळी लालबागमधल्या त्या एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. कोणाची पेटी कुठल्या कोपऱ्यात, हेसुद्धा ठरलेलं असायचं. गिरण्या गेल्या, पेट्या गेल्या, खोली राहिली. आता तिथे देवाचा फोटो, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि रविवारी गावच्या मंडळाची मीटिंग. गावात जे व्हायचं ते आधी या खोलीत ठरतं. विहीर कुठे खणायची, नाटक कुठलं बसवायचं, सगळं लालबागला ठरतं आणि मग गावाला फोन जातो. देवाच्या बाबतीत मात्र शेवटचा शब्द देवाचा. त्यासाठी कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण देवाला विचारायचं काय, हे लालबागलाच ठरतं. यात कोणाला काही विचित्र वाटत नाही. मलाही तोवर वाटलं नव्हतं.

एका रविवारी बाबा मीटिंगहून आले आणि जेवता जेवता म्हणाले की देवळापर्यंत रस्ता करायचं घाटतंय. गाडी थेट पायरीशी गेली पाहिजे.

“राईतून?” मी विचारलं.

“दुसरं कुठून जाणार?”

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, तुम्ही काही बोलला नाहीत? ते ताटाकडे बघत म्हणाले, “काय बोलणार? सगळ्यांचं एक मत.” ज्या माणसाने मला हद्दीवरून अनवाणी चालायला लावलं, तो राई तुटायची गोष्ट आमटीभात कालवता कालवता सांगत होता. मला संताप आला. त्याहून जास्त, काही समजेनासं झालं. पुढच्या मीटिंगला मी येणार आणि नकाशा घेऊन येणार, असं मी जाहीर केलं. बाबा नको म्हणाले नाहीत, ये असंही म्हणाले नाहीत.

बायकांनी मीटिंगला यायचं नाही अशातला भाग नव्हता, पण येत नव्हत्या. मी गेले तेव्हा सगळे जरा सावरून बसले. एकाने चहा पुढे केला, तो मी नको म्हटला. मग उभी राहून बोलले. राईत किती जातींची झाडं आहेत, धनेश कुठे घरटं करतो, खालच्या विहिरीचं पाणी कुठून येतं, सगळं सांगितलं. कोणी मध्ये बोललं नाही. जमतंय असं वाटून मी नकाशा भिंतीला धरला. सगळे खुर्च्या सोडून पुढे आले. प्रत्येकाला आधी आपलं घर शोधायचं होतं.

कंत्राटाची कामं घेणारे एक काका होते. ते चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले आणि मग फिक्या पट्ट्यावर त्यांनी बोट ठेवलं. “चेडवा, हय रान पातळ आसा मा?”

मी म्हटलं, “हो काका, पण तो व्हाळ आहे.”

“मगे झाला तर. हयसून रस्तो जातलो. झाडाय कमी तुटतली.”

“अहो, तो व्हाळ आहे. पावसात पाणी येतं तिथून.”

“मोरी घालू गो, पाणी रस्त्याखालसून जातला,” ते म्हणाले, आणि खोलीत एकदम सगळ्यांना मोकळं वाटलं. रस्ता कुठून न्यायचा, हाच त्यांचा अडलेला प्रश्न होता आणि तो मीच सोडवून दिला होता. कोणी बाबांच्या पाठीवर थाप मारली, पोरीला चांगलं शिकवलंय म्हणून. बाबा ओशाळं हसले. मी नकाशा गुंडाळायला लागले तर गुंडाळू देईनात, मोबाइलवर फोटो काढायचे राहिले होते. शिकलेली एकुलती एक गोष्ट मी त्यांच्या हातात कुऱ्हाडीसारखी दिली होती आणि वर मला शाबासकी मिळत होती. हसावं की रडावं ते कळेना.

मग माझा तोल गेला. “गाड्या लावायला जागा हवी म्हणून राई तोडताय तुम्ही,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “मुंबईची सवय झालीय, दोन पावलं चालवत नाही कोणाला.”

खिडकीपाशी मंडळातले सगळ्यात वयस्कर आजोबा बसले होते. ते गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते आणि लहानपणी आम्ही त्यांना टरकून असायचो. ते रागावले नाहीत. त्यांनी खोलीकडे बघून नुसतं विचारलं, “समाराधनेक वर कोण कोण गेल्लो? हात वर करा बघू.”

तरण्या पोरांचे हात वर गेले, कंत्राटवाल्या काकांचा गेला. बाकी खोली तशीच बसून राहिली. सगळी माझ्या ओळखीची माणसं. कोणी गिरणीच्या साच्यावर उभं राहिलेलं, कोणी दुकानात, कोणी कारकुनीत. मी बाबांकडे बघितलं. त्यांचा हात गुडघ्यावर होता आणि तो तिथेच राहिला.

“आमका देव दिसान वर्षा झाली गो,” आजोबा म्हणाले. “खालसून नमस्कार करतो. रस्तो गाडयेक नको, आमका होयो.”

ठाकूरद्वारचा पेपर, भायखळ्याचे ते ओळखीचे, कोपऱ्यावरची टपरी, सगळं एकदम डोळ्यांसमोरून गेलं. कौलाला काय विचारायचं ते ठरलं: व्हाळाच्या बाजूने रस्ता करायचा आहे, मान्य आहे का? पुढच्या रविवारी कौल लावायचा. परतताना बाबा एका हाताने जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरत होते. हे ते कधीपासून करत होते, मला खरंच सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, “समाराधनेला वर का नाही आलात?”

“जेवणाचं बघत होतो ना,” ते म्हणाले आणि टीव्ही लावला.

त्याच आठवड्यात मुलाखत झाली. टेबलापलीकडे बसलेल्यांपैकी बाईंनी विचारलं की तुमच्यातलं मुख्य कौशल्य कोणतं? मी पाठ केलेलं उत्तर होतं, ते आठवलंच नाही. मी म्हटलं, “मी नकाशा चांगला करते. पण तो दाखवण्याआधी काय करायचं असतं, ते मला येत नाही.” त्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने विचारलं, म्हणजे काय? मी खोलीची, व्हाळाची, गुडघ्यांची सगळी गोष्ट सांगितली आणि शेवटी राई राहावी की रस्ता व्हावा यावर माझं मत विचारलं तेव्हा, आता मला माहीत नाही, असं म्हणून मोकळी झाले. नोकरी गेली असं समजूनच बाहेर पडले. वाटेत, बोललेला शब्द परत घ्यावासा वाटत होता, पण दुसरं काय म्हणणार होते तेही सुचत नव्हतं.

रविवारी गावाच्या खोलीत पुन्हा सगळे जमले. या वेळी बायकाही आल्या होत्या. चहा आला, मी घेतला. साखरेचा पाकच होता. कौल आता व्हिडिओ कॉलवर बघतात. गावाहून गुरवाच्या मुलाने फोन धरला होता, इकडे टीव्हीला जोडला होता. कॉल लागल्याबरोबर सगळ्यांनी चपला दाराबाहेर नेऊन ठेवल्या. पुरुषांनी डोक्यावर टोप्या, नसेल त्यांनी रुमाल टाकला. पडद्यावर समईच्या उजेडात काळा पाषाण दिसला आणि माझ्या मागे कोणीतरी हुंदका आवरला. डोंगराखालूनच नमस्कार करणारी माणसं आज देव बघत होती. हे मला सुचायला हवं होतं, असं मनात आलं आणि पुढचं काही मनात येण्याआधी गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा,” खोली म्हणाली.

“आज तुझी लेकरा मुंबैसून हात जोडून उभी आसत, म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

“व्हाळाच्या कडेन तुझ्या रायेत रस्तो करूचो म्हणतत. तुका मान्य असात तर उजवो दी, नसात तर डावो दी, म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” मीही म्हणाले. डावा दे, असं मनात म्हणत होते. मग बाजूला उभ्या असलेल्या बाबांचा श्वास ऐकू आला आणि उजवा दे असं म्हणावंसं वाटलं. मी मधेच सोडून दिलं. देवाकडे काय मागावं हेही आपल्याला ठरवता येऊ नये, याची लाज वाटली.

पाकळ्या हलेनात. बराच वेळ गेला. मग चित्रच थिजलं. कोणी म्हणे नेट गेलं, कोणी म्हणे हलू नका. चित्र परत आलं तेव्हा डावीकडची पाकळी खाली पडलेली होती.

कंत्राटवाले काका म्हणाले, “मधी नेट गेल्ला. परत लावया.” त्यांना सगळ्यांनी मिळून गप्प केलं. देवाला परत विचारायचं नसतं. रस्ता होणार नव्हता. मला आनंद झाला, आणि तो चेहऱ्यावर आला असावा, कारण एक काकू म्हणाल्या, “देवान चेडवाची बाजू घेतली बघा.” सगळे हसले. बाबाही हसले. मग त्यांनी हात जोडले, ‘देवाची मर्जी’ म्हणाले आणि खुर्चीच्या पाठीला धरून हळूच खाली बसले. आजोबांनी त्यांना विचारलं, “म्हणजे आता खालसूनच ना?” बाबा म्हणाले, “खालसूनच.”

मला नोकरी मिळाली. कशासाठी मिळाली ते अजून विचारलेलं नाही. विदर्भात, राखीव जंगलाच्या कडेच्या गावांमध्ये काम होतं, लगेच रुजू व्हायचं होतं. आईने लाडू केले, मावसभावाने हेल्मेट आणून दिलं. जायच्या आदल्या दुपारी मी बॅग भरत होते. नव्या ऑफिसात दाखवायला होईल म्हणून भिंतीवरचा नकाशा काढायला गेले, तर बाबा म्हणाले, “तो राहू दे इथे. उलट खाली काढून दे.”

मी नकाशा काढून त्यांच्यापुढे पलंगावर पसरला आणि कडा वर येऊ नयेत म्हणून त्यावर उशी आणि पाण्याची बाटली ठेवली. ते चष्मा लावून वाकले.

“आपलं घर हे?”

“हो.”

“आणि देऊळ हे. वर चढायची वाट कुठली?”

मी दाखवली. व्हाळाला लागून जाते ती. राईबद्दल मला बरं वाटत होतं, त्यांच्याकडे बघून वाईट वाटत होतं, आणि या दोन्हींचं मिळून काय करायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

“हद्दीचा दगड कुठे?” त्यांनी विचारलं.

मी बोट ठेवून दाखवला. त्यांनी एकदा नीट बघून घेतलं, पलंगाच्या कठड्याला धरून वाकले, पायांतल्या त्या मऊ निळ्या चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि मग नकाशावर बोट टेकवलं.